६.० चे ०.७५ आणि ३ का होतात? सी मधल्या फ्रेक्स्पची गोष्ट

सी भाषेत फ्रेक्स्प नावाच्या फंक्शनला ६.० ही संख्या दिली, की दोन गोष्टी हाती येतात: ०.७५ आणि ३. पहिल्यांदा पाहणारा बुचकळ्यात पडतो. सहाचे तुकडे करायचे तर ६ आणि ० व्हावेत, नाहीतर निदान १.५ आणि २ तरी. हे ०.७५ कुठून आलं? गुणून पाहिलं तर हिशेब जुळतो. ०.७५ गुणिले २ चा तिसरा घात म्हणजे ०.७५ × ८, बरोबर ६. (पुढे घात २^३ असा लिहितो, जागा वाचते.) पण हिशेब जुळणं वेगळं आणि तो असाच का मांडलाय हे कळणं वेगळं. या फंक्शनच्या वापरात जे घोळ होतात, त्यांतले बरेचसे ते ‘असंच का’ न कळल्यामुळे होतात.

आधी साठवणुकीकडे एक नजर टाकू. आजच्या जवळपास सगळ्या संगणकांवर डबल प्रकारची, म्हणजे दशांशचिन्हाची, संख्या ६४ बिटांत बसते. त्यातला १ बिट चिन्हाचा, ११ बिट घातांकाचे आणि ५२ बिट अपूर्णांकाचे. ही वाटणी आयट्रिपलई ७५४ या मानकाने १९८५ साली पक्की केली. या मानकात संख्या ‘१ पॉइंट काहीतरी’ अशा रूपात आणली जाते. त्यामुळे सुरुवातीचा १ गृहीतच असतो आणि तो साठवावा लागत नाही. फुकटात एक बिट पदरात पडतो आणि ५२ बिटांत ५३ बिटांची अचूकता मिळते. घातांकही जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्यात १०२३ मिळवून ठेवतात, म्हणजे ऋण घातांकासाठी वेगळं चिन्ह लागत नाही. ६ म्हणजे १.५ × २^२. तेव्हा घातांकाच्या ११ बिटांत २ नाही, १०२५ दिसेल.

म्हणजे एकाच संख्येचे तीन घातांक झाले: बिटांमध्ये १०२५, मानकाच्या रीतीने २ आणि फ्रेक्स्पच्या रीतीने ३. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

फ्रेक्स्पचा करार असा आहे: संख्या शून्य नसेल, तर परत येणारा अपूर्णांक चिन्ह सोडून ०.५ किंवा त्याहून मोठा आणि १ पेक्षा लहान असेल. ०.५ चालेल, १ चालणार नाही. ही अट घातली की प्रत्येक संख्येला एकच जोडी मिळते. अट नसती तर ६ ला ०.७५ आणि ३, १.५ आणि २, ३ आणि १ अशा हव्या तितक्या जोड्या देता आल्या असत्या. अटीचा परिणाम २ च्या पूर्ण घातांवर सर्वांत ठळक दिसतो. ८ दिलं तर उत्तर १ आणि ३ नाही, ०.५ आणि ४ येतं. १ दिलं तर ०.५ आणि १. ‘एकाचा घातांक शून्यच असणार’ असं मनात धरून लिहिलेला प्रोग्राम इथे हमखास एकाने चुकतो.

मग मानक १ ते २ मध्ये बोलत असताना हे फंक्शन ०.५ ते १ मध्ये का बोलतं? कारण सी भाषा त्या मानकापेक्षा वयाने मोठी आहे. १९८५ पूर्वी प्रत्येक यंत्राची आपापली तऱ्हा असे. आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेत घातांकाचा पाया २ नव्हता, १६ होता. सी ज्या पीडीपी-११ वर वाढली, त्या यंत्राच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे अपूर्णांक आणि घातांक अशा मांडणीत, अपूर्णांक ०.५ ते १ च्या दरम्यानच मानला जाई. फ्रेक्स्पची रीत त्या मांडणीशी जुळते. १९८९ च्या सी मानकात ती तशीच राहिली आणि आजही तशीच आहे.

ही रीत त्या एका फंक्शनपुरती मर्यादित नाही. सीच्या फ्लोट डॉट एच या हेडरमध्ये (प्रोग्रामच्या सुरुवातीला जोडायच्या तयार फाइलमध्ये) डबलच्या मर्यादा दिलेल्या असतात. तिथे सर्वांत मोठा घातांक १०२४ आणि सर्वांत लहान −१०२१ असा दिसतो. मानक वाचून आलेला माणूस म्हणतो, हे तर १०२३ आणि −१०२२ हवं होतं, छापताना गडबड झाली की काय? गडबड काही नाही. ते आकडे ०.५ ते १ च्या रीतीने दिलेले आहेत, म्हणजे फ्रेक्स्प जो घातांक देईल तोच.

खरी पंचाईत १९९९ च्या सी मानकाने लॉगबी आणि आयलॉगबी ही फंक्शनं आणली तेव्हापासून आहे. ती १ ते २ च्या रीतीने चालतात. आयलॉगबीला ६ द्या, २ मिळतील. ८ द्या, ३ मिळतील. म्हणजे शून्य नसलेल्या कोणत्याही साध्या संख्येसाठी फ्रेक्स्पचा घातांक आयलॉगबीपेक्षा एकाने जास्त. एका ठिकाणाहून अपूर्णांक आणि दुसऱ्या ठिकाणाहून घातांक घेऊन त्यांची मोट बांधली, तर उत्तर नेमकं निम्मं किंवा दुप्पट येतं. निम्मं उत्तर दिसलं की मी तरी आधी इथेच शोधायला लागतो. आणखी एक बारीक फरक आहे: लॉगबी त्या यंत्राचा जो पाया असेल तो धरतं, फ्रेक्स्प मात्र या नेहमीच्या प्रकारांसाठी कायम २ च धरतं.

मॉडएफ हे तिसरं नाव याच गर्दीत ऐकू येतं, पण त्याचं काम निराळं. ते दशांशचिन्हाच्या डावीकडचं आणि उजवीकडचं वेगळं करतं. −३.७५ दिलं तर −३ आणि −०.७५, दोन्हींना मूळ संख्येचंच चिन्ह. सुरुवातीला जे ६ आणि ० अपेक्षित वाटलं होतं, ते मॉडएफ देतं.

हाक कशी मारायची

फंक्शनचं नाव एफ, आर, ई, एक्स, पी या पाच अक्षरांचं आहे आणि ते मॅथ डॉट एच मध्ये मिळतं. सी मध्ये फंक्शन एकच किंमत परत करू शकतं, म्हणून अपूर्णांक परत येतो आणि घातांक तुम्ही दिलेल्या पत्त्यावर लिहिला जातो. देवनागरी नावं वापरून लिहायचं तर असं:

इंट घ;
डबल म = फ्रेक्स्प(क्ष, &घ);

घ साधा इंट आहे, डबल नाही. नुसता इंट-पॉइंटर (पत्ता ठेवायची जागा) जाहीर करून, त्याला कुठलाही पत्ता न देता तोच पुढे सरकवला, तर फंक्शन भलत्याच जागी लिहून मोकळं होतं. फ्लोट आणि लाँग डबलसाठी नावाच्या शेवटी एफ किंवा एल लावलेली भावंडं १९९९ पासून आहेत. युनिक्सच्या वळणाच्या बऱ्याच सिस्टिमवर जोडणीच्या वेळी गणिताची लायब्ररी वेगळी मागावी लागते, ते विसरलं की ‘फंक्शन सापडत नाही’ ही ओरड ठरलेली.

यापेक्षा धोकादायक एक सापळा आहे, कारण त्यात ओरड होत नाही. लोक छापण्याच्या एकाच प्रिंटएफमध्ये फ्रेक्स्पला हाक मारतात आणि त्याच ओळीत शेजारी घ छापायला देतात. आर्ग्युमेंटं कुठल्या क्रमाने काढायची हे सी ने ठरवून दिलेलं नाही. कंपायलरने घ ची किंमत आधी उचलली आणि फ्रेक्स्पला नंतर बोलावलं, तर घ मध्ये असलेला जुना कचरा छापला जाईल. एका कंपायलरवर बरोबर आणि दुसऱ्यावर भलतंच, असा प्रकार झाला की हीच ओळ तपासा. उपाय सोपा: फ्रेक्स्पची ओळ वेगळी, छापण्याची वेगळी.

चिन्हाचा विचार वेगळा करावा लागत नाही, ते अपूर्णांकाबरोबर जातं. −६ चे तुकडे −०.७५ आणि ३. शून्य दिलं तर अपूर्णांकही शून्य आणि घातांकही शून्य. इथे ०.५ ची अट अर्थातच सुटते, कारण शून्याला कितीही वेळा दुप्पट केलं तरी ते ०.५ पर्यंत पोचणार नाही. अनंत किंवा ‘संख्याच नाही’ अशा किंमतींसाठी अपूर्णांकाच्या जागी तीच किंमत परत येते, पण घातांकाच्या जागी काय लिहिलं जाईल हे सीचं मानक सांगत नाही. काही ठिकाणी शून्य येतं म्हणून त्यावर विसंबणं बरं नव्हे. संख्या मर्यादित आहे की नाही हे आधी इझफायनाइटने विचारून घ्या.

बिट आपणच वेगळे केले तर?

हा मोह सगळ्यांना होतो. बिटांची मांडणी माहीत आहे, तर ५२ घरं उजवीकडे सरकवा, खालचे ११ बिट ठेवा, १०२२ वजा करा, झाला घातांक. सहासाठी १०२५ वजा १०२२ म्हणजे ३, उत्तर बरोबर. मग फंक्शनची गरज काय?

पहिली अडचण बिटांपर्यंत पोचण्याचीच. डबलच्या पत्त्याला जबरदस्तीने पूर्णांकाचा पत्ता म्हणून वाचणं सी च्या नियमांत बसत नाही. कंपायलर ‘हे दोन पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नसणार’ असं धरून कोड उलटापालटा करू शकतो. बाइट जसेच्या तसे उतरवणाऱ्या मेमकॉपीने ६४ बिटांच्या पूर्णांकात उतरवून घेणं हा सरळ मार्ग. सी मध्ये युनियनही (एकाच जागेला दोन प्रकारची नावं देणंही) चालतं.

दुसरी अडचण खोलवरची आहे. डबलमधली सर्वांत लहान नॉर्मल, म्हणजे ‘१ पॉइंट काहीतरी’ रूपात बसणारी, धन संख्या २^−१०२२, म्हणजे सुमारे २.२ × १०^−३०८. त्याच्या खाली एकदम शून्याची दरी येऊ नये म्हणून मानकाने सबनॉर्मल संख्या ठेवल्या आहेत. तिथे घातांकाचे सगळे बिट शून्य असतात आणि तो गृहीत धरलेला १ नसतो. त्यांतली सर्वांत लहान २^−१०७४. वर सांगितलेली घरगुती रीत तिच्यासाठी ० − १०२२, म्हणजे −१०२२ हा घातांक देईल, जो ५१ ने चुकीचा आहे. फ्रेक्स्प ०.५ आणि −१०७३ देतं, कारण त्याचा करार किमतीशी आहे, बिटांशी नाही. लायब्ररी हे कसं साधते? जुन्या एफडीलिबएम या गणिती लायब्ररीतली युक्ती सुटसुटीत आहे: संख्या सबनॉर्मल दिसली तर तिला आधी २^५४ ने गुणायचं, ती नॉर्मल झाली की नेहमीसारखे बिट वाचायचे आणि घातांकातून ५४ वजा करायचे.

सबनॉर्मल संख्या रोज भेटत नाहीत, म्हणूनच ही चूक चाचणीत सापडत नाही.

दुसरी पळवाट लॉगरिदमची. २ च्या पायाचा लॉग काढा, खालच्या पूर्णांकावर आणा, घातांक मिळाला. कागदावर निर्दोष. आता ८ च्या लगेच खालची डबल संख्या घ्या. ४ ते ८ च्या पट्ट्यात शेजारच्या दोन डबलांमधलं अंतर २^−५० असतं, म्हणजे ही संख्या ८ − २^−५०. तिचा खरा लॉग ३ पेक्षा सुमारे १.६ × १०^−१६ ने कमी आहे. पण ३ च्या लगेच खालची डबल त्याच्यापासून ४.४ × १०^−१६ इतकी दूर आहे. म्हणजे खऱ्या उत्तराला सर्वांत जवळची डबल ३ च. लॉगने आपलं काम चोख करूनही ३ दिलं, आणि खालचा पूर्णांक २ यायला हवा होता तिथे ३ आला. फ्रेक्स्पमध्ये असं होत नाही, कारण तिथे राउंडिंगच नाही. तुकडे नेहमी तंतोतंत असतात. या फंक्शनचा हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पुन्हा जोडताना

तुकडे जोडायला एलडीएक्स्प आहे: अपूर्णांक आणि घातांक द्या, मूळ संख्या घ्या. त्याऐवजी बरेच जण पॉव फंक्शनने २ चा घात काढून गुणतात. सहासाठी दोन्ही सारखंच. पण डबलमधल्या सर्वांत मोठ्या संख्येचे तुकडे करा. अपूर्णांक १ च्या अगदी खाली आणि घातांक १०२४. आता २^१०२४ ही किंमत डबलमध्ये मावतच नाही, पॉव अनंत परत करतं आणि गुणाकारही अनंत होतो. एलडीएक्स्प तीच संख्या शेवटच्या बिटापर्यंत परत देतं. स्केलबीएन हे १९९९ मधलं भावंडही असंच काम करतं, फक्त ते यंत्राचा पाया धरतं. आजच्या नेहमीच्या यंत्रांवर तो २ च आहे.

एलडीएक्स्पने घातांक बदलून संख्या सबनॉर्मल पट्ट्यात ढकलली, तर मात्र खालचे बिट गळतात. तुकडे केले, तसेच जोडले, तर काहीच हरवत नाही.

हे सगळं कशासाठी

हजार शक्यतांचा गुणाकार करायचा आहे आणि प्रत्येक ०.१ आहे असं धरा. उत्तर १०^−१०००. डबल साधारण ४.९ × १०^−३२४ च्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे अर्ध्या वाटेच्या आतच सगळं शून्य होतं. यावर लॉगची बेरीज करण्याचा रिवाज आहे, पण त्यात प्रत्येक लॉग थोडा राउंड होतो. फ्रेक्स्पने दुसरा रस्ता मिळतो: प्रत्येक गुणाकारानंतर तुकडे करा, अपूर्णांक हातात ठेवा, घातांक एका मोठ्या पूर्णांकात मिळवत जा. हातातली संख्या कायम ०.५ ते १ मध्ये राहते, ती ना वर फुटते ना खाली बुडते. शेवटी या उदाहरणात सुमारे ०.५२६ आणि −३३२१ मिळतात. मोठ्या मॅट्रिक्सच्या निश्चयकाला (डिटर्मिनंटला) हाच त्रास होतो. १९७० च्या दशकातल्या लिनपॅक या फोरट्रान संग्रहानेही निश्चयक दोन भागांतच परत केला होता, फक्त तिथे पाया १० होता.

गणिती लायब्ररीच्या पोटातही हीच युक्ती असते. लॉग काढायचा तर अपूर्णांकाचा लॉग अधिक घातांक गुणिले ०.६९३१… इतकंच. मग बहुपदी फक्त एका छोट्या पट्ट्यात नीट बसवली की पुरे. इथे मात्र ०.५ ते १ ची रीत थोडी नडते. १.००१ चे तुकडे होतात ०.५००५ आणि १. अपूर्णांकाचा लॉग −०.६९२१ आणि घातांकाचा वाटा ०.६९३१, त्यांची बेरीज जेमतेम ०.००१. दोन जवळजवळ सारख्या आकड्यांची वजाबाकी झाली आणि अचूकतेचे कितीतरी अंक वाया गेले. म्हणून अपूर्णांक ०.७०७१, म्हणजे निम्म्याच्या वर्गमुळापेक्षा लहान असेल, तर तो दुप्पट करून घातांक एकाने कमी करण्याची पद्धत आहे. मग १.००१ हा १.००१ आणि ० असाच राहतो. फ्रेक्स्प जे देतं ते अंतिम मानायचं नाही, आपल्या कामाला सोयीचं करून घ्यायचं, याचं हे चांगलं उदाहरण.

चित्रांच्या दुनियेतलं उदाहरण मला त्याहून देखणं वाटतं. ग्रेग वॉर्ड यांच्या रेडिअन्स या प्रकाशाचं अनुकरण करणाऱ्या प्रोग्राममध्ये लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांना मिळून एकच घातांक देतात, म्हणजे एक ठिपका चार बाइटांत बसतो. तिघांतली सर्वांत मोठी किंमत फ्रेक्स्पला द्यायची. समजा रंग ६, ३ आणि ०.७५ आहेत. ६ वरून घातांक ३ मिळाला. तिन्हींना २५६ भागिले ८, म्हणजे ३२ ने गुणलं की १९२, ९६ आणि २४. घातांकात १२८ मिळवून १३१. चार बाइट तयार. सर्वांत मोठा अपूर्णांक १ च्या आतच राहणार, ही फ्रेक्स्पची हमी असल्यामुळे २५६ ने गुणूनही त्याचा पूर्णांक भाग २५५ च्या पुढे जात नाही आणि बाइट ओसंडत नाही. इथे १ ते २ ची रीत असती, तर हीच गोष्ट साधायला २५६ ऐवजी १२८ घ्यावे लागले असते.

शेवटचा उपयोग संख्या एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचा. ०.१ चे तुकडे छापले तर ०.८ आणि −३ दिसतात. पण हे ०.८ सुद्धा छापण्यापुरतंच, आत नेमकं काय आहे ते त्यातून कळत नाही. अपूर्णांकाला एलडीएक्स्पने २^५३ ने गुणा. डबलला ५३ बिटच असल्यामुळे आता नक्की पूर्ण संख्या मिळते: ७२०५७५९४०३७९२७९४. घातांकातून ५३ वजा केले की −५६. तुमच्या संगणकातलं ०.१ म्हणजे प्रत्यक्षात ७२०५७५९४०३७९२७९४ × २^−५६. खरं ०.१ हवं असेल तर त्या जागी ७२०५७५९४०३७९२७९३.६ लागलं असतं, आणि तो .६ ठेवायला जागा नाही. हे दोन पूर्णांक आणि संख्या शून्य असली तर ते ऋण शून्य (−०) आहे का एवढी एक खूण मजकूर म्हणून पाठवा. पलीकडच्या यंत्राच्या डबलला ५३ बिट आणि तेवढाच पल्ला असला, की बाइटांचा क्रम उलटा असो वा सुलटा, तिथलं एलडीएक्स्प ती मर्यादित संख्या शेवटच्या बिटासकट उभी करतं.